तिरुवल्लिकेणीच्या किनाऱ्यावरचे चौघे

लोकमान्य टिळकांच्या नावाची एक जागा मद्रासच्या समुद्रावर होती, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिरुवल्लिकेणीतलं पार्थसारथीचं देऊळ मागे टाकून पूर्वेकडे चालत सुटलं की थोड्याच वेळात रस्ते संपतात आणि वाळू सुरू होते. स्वदेशीच्या दिवसांत त्या वाळूवर सभा भरायच्या आणि सभेच्या जागेला लोक ‘टिळक घाट’ म्हणायचे, तमिळमध्ये ‘तिलगर तिडल’. १९०७च्या मे महिन्यात बिपिनचंद्र पाल मद्रासच्या किनाऱ्यावर व्याख्यानं देऊन गेले. त्या खटपटीत पुढे होते कवी सुब्रह्मण्य भारती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारती आणि चिदंबरम पिळ्ळै सुरतेच्या काँग्रेसला गेले, ते टिळकांच्या बाजूने उभे राहायला. पुढे बरीच वर्षं पुदुच्चेरीत काढून भारती तिरुवल्लिकेणीत परतले. १९२१ साली पार्थसारथीच्या देवळातल्या हत्तीने त्यांना खाली पाडलं. त्यातून ते उठले, पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरात, वयाच्या चाळिशीच्या आत, या पेठेतच त्यांचा अंत झाला.

गांधीजी १९१९च्या मार्चमध्ये सत्याग्रहाचा विचार सांगायला या वाळूवर आले. १९२०च्या १२ ऑगस्टला ते इथे असहकारावर बोलले, तेव्हा टिळकांना जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. या किनाऱ्याचं महत्त्व साधं होतं. ज्यांना सभागृह मिळत नसे, त्यांना इथे मोकळी वाळू मिळे. भाडं नाही, परवान्याचा दरवान नाही, आणि हजारो माणसं बसली तरी जागा उरायची.

रस्त्याच्या पलीकडे मात्र सरकारी थाट होता. माउंटस्टुअर्ट ग्रँट डफ या गव्हर्नरने १८८४मध्ये समुद्राकाठचा फिरण्याचा रस्ता बांधून त्याला ‘मरीना’ हे नाव दिलं. त्या रस्त्यावर प्रेसिडेन्सी कॉलेज उभं होतं, विद्यापीठाचं सिनेट हाऊस उभं होतं. दोन्ही इमारती रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाच्या. सिनेट हाऊसजवळ व्हिक्टोरिया राणी सिंहासनावर बसवली गेली. थोडं पुढे, बेटावर, टॉमस मन्रोचा घोडेस्वार पुतळा १८३९पासून होता. माउंट रोडवर जेम्स नील होता, १८५७मध्ये अलाहाबाद-कानपूरच्या वाटेवर माणसं झाडांना टांगणारा. १९२७ साली मद्रासच्या तरुणांनी हा नीलचा पुतळा हटवण्यासाठी सत्याग्रह केला, हातोडे घेऊन गेले, तुरुंगात गेले. तो पुतळा हलला १९३७मध्ये, राजाजींचं मंत्रिमंडळ आल्यावर, आणि संग्रहालयात जाऊन पडला. चौथऱ्यावर कुणाला चढवायचं आणि कुणाला उतरवायचं, हा प्रश्न मद्रासमध्ये कलेच्या वर्गात येण्याआधी रस्त्यावर आला होता.

किनाऱ्यावरच्या सभांत १९२३ची एक संध्याकाळ महत्त्वाची. मयलापूरचे वकील एम. सिंगारवेलू मच्छीमार समाजातले, तेव्हा साठी ओलांडलेले. आदल्या डिसेंबरात गयेच्या काँग्रेसला ते होते, मुंबईहून श्रीपाद अमृत डांगेही होते. डांग्यांचं ‘सोशालिस्ट’ साप्ताहिक त्याच साली निघू लागलं होतं. १ मे १९२३ला सिंगारवेलूंनी लेबर किसान पार्टीची घोषणा केली आणि मद्रासच्या किनाऱ्यावर दोन सभा भरवल्या. एक हायकोर्टासमोर, दुसरी तिरुवल्लिकेणीच्या वाळूवर. हिंदुस्थानातला हा पहिला मे दिन. लाल झेंडाही इथेच पहिल्यांदा फडकला असं मानतात. पुढच्याच वर्षी कानपूर कटाचा खटला उभा राहिला. डांग्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सिंगारवेलूंचं नाव आरोपींत होतं, पण प्रकृतीमुळे त्यांच्यावरचा खटला चालला नाही. १९२५च्या डिसेंबरात कानपूरला भरलेल्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचे अध्यक्ष तेच होते. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आपण घोकलेला असतो, त्याचा एक धागा या वाळूत रुजलेला आहे हे आपण विसरतो.

त्या सभेनंतर सहा वर्षांनी मद्रासमध्ये एक बंगाली चित्रकार नोकरीला आला. नाव देवीप्रसाद रायचौधुरी. किनाऱ्यावर मजुरांना चौथरा मिळाला तो त्यांच्या हातून, आणि त्याला आणखी तीस वर्षं लागली.

रायचौधुरींचा जन्म १८९९ सालचा, रंगपूर जिल्ह्यातल्या ताजहाटचा. घराणं जमीनदारीचं. आज तो भाग बांगलादेशात आहे. चित्रकला ते अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले. अवनींद्रनाथांची पद्धत वॉशची. रंगवलेला कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंग द्यायचा, पुन्हा भिजवायचा. शेवटी रेषा धुक्यातून वर आल्यासारखी दिसते. त्या चित्रांत माणसं असतात, पण माणसांना वजन नसतं. रायचौधुरी या पद्धतीत तरबेज झाले. डोंगराळ मुलखातल्या स्त्रियांची त्यांची चित्रं नाजूक आहेत, ‘ग्रीन अँड गोल्ड’सारखी काही तर फार गाजली. पण शिल्प ते शिकले हिरण्मय रायचौधुरींकडे. हिरण्मय लंडनला शिकून आलेले. त्यांच्याकडे मातीला वजन होतं, सांधा कसा वळतो याचं शास्त्र होतं. एकाच माणसाच्या अंगात या दोन शाळा शेजारी शेजारी नांदू लागल्या.

आणि तिसरी शाळा होती आखाड्याची. रायचौधुरी कुस्ती खेळत. बासरी वाजवत. शिकारीला जात, आणि त्या जंगलांच्या, माणसांच्या गोष्टी बंगालीत लिहीत. कथाकार म्हणून बंगाली वाचकांत त्यांचं स्वतंत्र नाव होतं. १९५६ साली मद्रासला बंगाली साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्यांना अध्यक्ष केलं गेलं. आज अशा माणसाला आपण बहुविद्याशाखीय कलावंत म्हणू. त्या काळी लोकांना त्याचं नवल वाटायचं, आणि थोडी भीतीही. मला मात्र वाटतं की त्यांचे हे सगळे छंद एका ठिकाणी येऊन मिळतात. चित्र, माती, कुस्ती, शिकार, गोष्ट, सगळीकडे त्यांचं लक्ष होतं माणसाच्या शरीरावर, आणि त्यातही ताण आलेल्या शरीरावर. बसलेला, ल्यालेला, फोटोसाठी सजलेला माणूस त्यांनी पोटासाठी घडवला. ओझ्याखाली वाकलेला माणूस त्यांनी मनापासून घडवला.

मद्रासची कलाशाळा त्यांच्या हाती आली १९२९ साली. ही शाळा देशातल्या जुन्या कलाशाळांपैकी. अलेक्झांडर हंटर या लष्करी डॉक्टरने ती १८५०मध्ये काढली. चिझम काही काळ तिचा प्रमुख होता, नंतर ई. बी. हॅवेल आला, ज्याने पुढे कलकत्त्याला जाऊन अवनींद्रनाथांना पुढे आणलं. पण शाळेचा जीव कारागिरीत होता. लाकूड, धातू, दागिने, विणकाम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड चॅटर्टनने तर या शाळेत ॲल्युमिनियमची भांडी ठोकायला सुरुवात केली, आणि त्यातूनच मद्रासमध्ये ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा व्यवसाय उभा राहिला. अशा शाळेचा पहिला भारतीय प्रमुख म्हणून तिशीतला एक बंगाली चित्रकार येऊन बसला. कलकत्त्यात मुकुल डे यांना तसंच पद मिळालं होतं त्याच्या आदल्या वर्षी.

अवनींद्रनाथांचे शिष्य तेव्हा देशभरच्या कलाशाळांत पसरत होते. नंदलाल बोस शांतिनिकेतनात, असितकुमार हलदार लखनौला, समरेंद्रनाथ गुप्त लाहोरला. सगळ्यांकडून अपेक्षा हीच की त्यांनी बंगालची शैली तिथे रुजवावी. मुंबईचं जे. जे. स्कूल त्या वेळी नेमकं उलट्या टोकाला होतं. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमनने १९१९च्या सुमाराला तिथे नग्न मॉडेल समोर ठेवून अभ्यासाचे वर्ग सुरू केले, आणि बंगाल-मुंबईचं भांडण वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं चाललं. बंगालवाले म्हणत, हे विलायतेचं अनुकरण. मुंबईवाले म्हणत, ज्याला कोपर काढता येत नाही त्याने अध्यात्म काढू नये. रायचौधुरी बंगालच्या छावणीतून आले आणि मद्रासला त्यांनी काम केलं ते मुंबईच्या बाजूचं. जिवंत मॉडेलवरून रेखाटन, मातीकाम, मुलांना बाहेर नेऊन निसर्गचित्रण. गुरूची वॉश पद्धत त्यांनी विद्यार्थ्यांवर लादली नाही. ज्याला जे साधेल ते त्याने करावं, पण आधी शरीर कळलं पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता. अवनींद्रनाथांच्या एका लाडक्या शिष्याने हे केलं, याला हिंमत लागते. आपल्याकडच्या कला-इतिहासात या गोष्टीची नोंद फार पुसट झाली आहे, याची मला खंत आहे.

विद्यार्थी लांबून येऊ लागले. परितोष सेन ढाक्याहून आले. नियतकालिकात छापलेली रायचौधुरींची कामं पाहून हा मुलगा घर सोडून मद्रास गाठतो, एवढी त्या नावाची ओढ होती. प्रदोष दासगुप्त आले ते शिल्प शिकायला. हे दोघे पुढे १९४३मध्ये, दुष्काळाने बंगाल पोखरला असताना, ‘कलकत्ता ग्रुप’मध्ये एकत्र आले. मद्रासकडचे के. सी. एस. पणिक्कर इथेच शिकले. एस. धनपाल इथेच शिकले. धनपाल शिल्पकार, चित्रकार, आणि नृत्यही शिकलेले. गुरूच्या घरातही नृत्य होतंच, मुलगा भास्कर नर्तक झाला.

त्यांच्या हातची शिल्पं जवळून पाहण्यात एक सुख आहे. लोखंडी सळ्यांचा सांगाडा करायचा, त्यावर माती थापायची, मग प्लास्टरचा साचा, मग ब्राँझचं ओतकाम, हा क्रम सगळ्याच शिल्पकारांचा. बरेच जण मातीच्या टप्प्यावर पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करतात. रायचौधुरी तो तसाच राखत. मातीचा गोळा अंगठ्याने दाबून बसवला की त्याची कड उरते, बोटाची चीर उरते, आणि ओतल्यावर ती ब्राँझमध्ये कायमची राहते. उन्हात पाहिलं की खांद्यावर शेकडो छोट्या छोट्या सावल्या पडतात आणि स्नायू हलल्याचा भास होतो. रोदँचं नाव या संदर्भात घेतात, ते बरोबरच आहे. पण रोदँच्या माणसाला विचाराने जखडलेलं असतं. रायचौधुरींच्या माणसाच्या पाठीवर खरंखुरं वजन असतं, किलोत मोजता येईल असं.

सरकारी कामं त्यांनी भरपूर केली. गव्हर्नर केले, संस्थानिक केले, कलकत्त्याचे सर आशुतोष मुखर्जी आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी केले. १९३७मध्ये इंग्रज सरकारने त्यांना एमबीई दिलं, ते त्यांनी घेतलं. १९५८मध्ये स्वतंत्र भारताने पद्मभूषण दिलं, तेही घेतलं. १९५४मध्ये ललित कला अकादमी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच. १९५५मध्ये टोकियोत युनेस्कोचा कलाविषयक परिसंवाद झाला, तिथेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. ते चळवळीतले नव्हते, कुठल्या पक्षाचे नव्हते. सिंगारवेलूंची आणि त्यांची वाट कुठे एक झाल्याचं दिसत नाही. तरी बंगालच्या दुष्काळाने त्यांना सोडलं नाही. ‘व्हिक्टिम्स ऑफ हंगर’ हे त्यांचं ब्राँझ दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दंडाची बेटकुळी आणि पोटरीचा पीळ अभ्यासला, त्याने त्यात स्नायू उतरून गेलेलं शरीर दाखवलं आहे. भूक शरीरातून काय काय काढून नेते ते ज्याला आधी शरीरात काय काय असतं हे ठाऊक आहे त्यालाच दाखवता येतं.

पाटण्याचं काम मोठं. ११ ऑगस्ट १९४२ला सचिवालयावर तिरंगा लावायला निघालेल्या सात विद्यार्थ्यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या स्मारकाची पायाभरणी १५ ऑगस्ट १९४७लाच झाली, आणि १९५६मध्ये राजेंद्रप्रसादांनी अनावरण केलं. सात मुलगे, एक झेंडा. कुणी पडतो आहे, कुणी पडलेल्याच्या पलीकडे हात लांब करतो आहे. समूह कसा रचावा याची रायचौधुरींची पकड इथे पूर्ण दिसते. एकाचा तोल ढळतो तो दुसऱ्याने सावरलेला असतो, म्हणून कुठूनही पाहिलं तरी सात सुटे पुतळे दिसत नाहीत.

मरीनावरच्या शिल्पाचं काम याच वर्षांतलं. मद्रास राज्यात कामराजांचं सरकार होतं. शिल्पाचं नाव ‘ट्रायम्फ ऑफ लेबर’, श्रमाचा विजय. मॉडेल कुठून आणायचे? ते कलाशाळेतच सापडले. एक होता शाळेचा रात्रीचा पहारेकरी, दुसरा शाळेचा विद्यार्थी. त्या दोघांच्या अंगांवरून चौघे उभे राहिले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हा श्रमिक कुठल्या जाहीरनाम्यातून उचललेला नाही. रात्रभर फाटकाशी जागणारा माणूस दुपारी मास्तरांसमोर दांडा रेटल्याच्या आविर्भावात उभा राहत असणार. गुडघा भरून येत असणार, घाम कमरेपर्यंत उतरत असणार. थकलेल्या शरीराला दमाचं सोंग आणावं लागत नाही.

२५ जानेवारी १९५९ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, ते शिल्प किनाऱ्यावर बसवलं गेलं. तोवर रायचौधुरी शाळेतून निवृत्त झाले होते. शिल्पात चार पुरुष आहेत. अंगावर लंगोटीपुरतं वस्त्र, पाय अनवाणी. समोर एक अवजड धोंडा, आणि लांब दांडे घालून तो हलवण्याची त्यांची धडपड चाललेली. कुस्तीच्या आखाड्यात मुरलेल्या माणसाला जोर कुठून येतो हे माहीत असतं: हातांतून नव्हे, टाचेतून. टाच रोवली की जोर पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत, आणि कमरेतून पाठीवर चढतो. हात शेवटी येतात. शिल्पाभोवती हळूहळू फेरी मारा आणि एकेकाच्या पायाची बोटं पाहा. खडकात रुतवलेली, वाकलेली बोटं. तिथून नजर वर नेली की जोराची ती सगळी वाट डोळ्यांनी चालता येते. चेहरे नंतर दिसतात, आणि चेहऱ्यांवर शौर्याचा आव नाही.

या शिल्पाशेजारी मी मनातल्या मनात मुंबईचं हुतात्मा स्मारक उभं करून पाहते. फ्लोरा फाउंटनच्या त्या शिल्पात शेतकरी आणि कामगार आहेत, हातात मशाल उंच धरलेली. संयुक्त महाराष्ट्राची लढाई जिंकली गेली होती, म्हणून ती मशाल योग्यच आहे. १०६ जणांच्या रक्ताची ती आठवण आहे. तिरुवल्लिकेणीच्या चौघांच्या हातात मशाल नाही. शिल्पाच्या नावात विजय आहे, पण धोंडा अजून जागचा पुरता हललेला नाही. रायचौधुरींनी विजय दाखवायला काम संपल्यानंतरचा क्षण निवडला नाही. धोंडा डळमळेल की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, तो क्षण त्यांनी धरला, आणि त्यालाच विजय म्हटलं. एमबीई घेणाऱ्या, राज्यपालांचे पुतळे करणाऱ्या या माणसाच्या राजकारणाबद्दल काहीही मत असो, या एका निवडीत त्यांनी मजुराला जो मान दिला तो पुष्कळ क्रांतिकारक चित्रांना देता आलेला नाही.

महाराष्ट्रात विनायक पांडुरंग करमरकर याच पिढीचे. सासवण्याचे, अलिबागजवळचे. त्यांनीही सुरुवातीची काही वर्षं कलकत्त्यात स्टुडिओ थाटून काढली. १९२८चा त्यांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी सगळ्यांना ठाऊक असतो. पण सासवण्याच्या त्यांच्या घरात गेलं की काँक्रीटची म्हैस भेटते, गावातली माणसं भेटतात, आणि तिथे करमरकर जास्त मोकळे वाटतात. फरक एवढाच की करमरकरांची ती माणसं घराच्या अंगणात राहिली. रायचौधुरींची माणसं राजधानीच्या हमरस्त्यावर, सिनेट हाऊसच्या बाजूला जाऊन उभी राहिली. जिथे राणी बसवली होती त्याच रस्त्यावर.

मद्रासकरांनी त्यांना लगेच आपलंसं केलं. ‘उळैप्पाळर शिलै’, श्रमिकांचा पुतळा, असं नाव पडलं. बसचा थांबा त्या नावाचा झाला. दर १ मेला कामगार संघटना तिथे जमतात. १९५९मध्येच रायचौधुरींनी घडवलेला गांधींचा पुतळा नेहरूंच्या हस्ते याच मरीनावर उभा राहिला. १९६८मध्ये जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी अण्णादुराईंच्या सरकारने तिरुवल्लुवर, कण्णगी, अव्वैयार, भारती असे दहा पुतळे किनाऱ्यावर ओळीने मांडले. नंतर नेत्यांच्या समाध्या आल्या. इतक्या नामवंतांच्या गर्दीत बिननावाचे हेच चौघे आहेत.

शिष्यांचं मात्र गुरूशी पटेना, आणि हे झालं ते योग्यच झालं. १९५७मध्ये पणिक्करांनी शाळेची सूत्रं हाती घेतली. त्यांना वाटत होतं की शरीराचा हा युरोपीय अभ्यास दक्षिणेच्या माणसाला शेवटी परकाच राहणार. आपल्या लिपीतून, पंचांगातल्या कुंडल्यांतून, गावच्या ग्रामदेवतांतून काही निघालं पाहिजे. १९६६मध्ये त्यांनी तीसेक कलावंतांना घेऊन शहराबाहेर समुद्राकाठी चोळमंडल वसवलं. बाटिक आणि हस्तकला विकून पोट भरायचं आणि चित्रं आपल्या मनाची काढायची, असा तो बेत होता. त्या चळवळीचा इतिहास लिहिताना रायचौधुरी मागच्या पिढीतले, वास्तववादी, म्हणून एका परिच्छेदात उरकले जातात. मला हे पटत नाही. पणिक्करांना बंड करायला शाळा मिळाली ती रायचौधुरींनी केलेली. भांडी घडवणाऱ्या कारखान्यातून बंड उगवलं नसतं.

त्यांच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी तर त्यांच्यापेक्षाही जास्त वाटांनी हिंडला. दशरथ पटेल १९४९ ते १९५३ मद्रासला होते. पुढे पॅरिसला चित्रकला, प्रागला सिरॅमिक्स, आणि १९६१पासून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत. मातीची भांडी, छायाचित्रं, प्रदर्शनांची रचना, १९६७च्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनासाठी नऊ कॅमेऱ्यांनी टिपलेला भारत, असं काहीही या माणसाला परकं नव्हतं. मद्रासमध्ये त्यांची आणि नर्तकी चंद्रलेखांची मैत्री जन्मभराची. चंद्रलेखा मूळच्या ठाणे जिल्ह्यातल्या वाड्याच्या, जन्म १९२८चा. भरतनाट्यम शिकायला मद्रासला गेल्या आणि मद्रासच्याच झाल्या. कविता, पोस्टर, स्त्रियांच्या चळवळीचं काम हे सगळं करून त्या नृत्याकडे परत आल्या तेव्हा १९८५मध्ये ‘अंगिका’ आली. देवांच्या गोष्टी बाजूला ठेवून त्यांनी योग, कळरिपयट्टू आणि नृत्य एकत्र आणलं आणि रंगमंचावर ठेवलं ते निव्वळ शरीर, त्याचा कणा, त्याची ताकद. २००१च्या त्यांच्या रचनेचं नावच ‘शरीर’. रायचौधुरींच्या वर्गात चंद्रलेखा कधी बसल्या नव्हत्या. पण मद्रासच्या कलेत शरीराकडे न लाजता पाहण्याची जी एक वाट होती तिच्यावर त्याही चालल्या. दशरथभाई शेवटी कोकणात आले. अलिबागजवळ बामणसुऱ्याला त्यांच्या कामाचं संग्रहालय झालं. करमरकरांचं सासवणे तिथून फार लांब नाही.

रायचौधुरी १९७५च्या ऑक्टोबरात गेले. शेवटची वर्षं ते दांडीयात्रेच्या शिल्पात गढले होते, आणि ते पूर्ण झालेलं त्यांना पाहता आलं नाही. दिल्लीत सरदार पटेल मार्गावर ते आता उभं आहे, ‘ग्यारह मूर्ती’ या नावाने. पुढे गांधी, मागे दहा जण. त्यांत म्हातारे आहेत, बाई आहे, पोशाखावरून वेगवेगळ्या प्रांतांचे, धर्मांचे लोक आहेत. पाचशे रुपयांच्या जुन्या नोटेच्या मागच्या बाजूला हेच शिल्प छापलेलं होतं. २०१६च्या नोव्हेंबरात ती नोट बाद होईपर्यंत देशातल्या बहुतेक प्रत्येकाने रायचौधुरींचं काम कधी ना कधी हातात घेतलेलं होतं, दुमडून खिशात ठेवलेलं होतं, भाजीवाल्याला मोजून दिलेलं होतं. त्या अकरा जणांचीही पाठ सरळ नाही. सगळे पुढे झुकलेले आहेत, अंगाचा सगळा भार पुढच्या पावलावर टाकून.